पाठ सांभाळून नेम

चि. बाळ,

बालेवाडीच्या रेंजवर उभ्याने रायफल नेमबाजीचा सराव करताना तुझी कंबर धरते आणि प्रशिक्षकांच्या धाकाने ती तक्रार तू दडपून ठेवतोस, हे तुझ्या आईच्या पत्रावरून समजल्यामुळे मन अस्वस्थ झाले आहे. वेदना सोसण्यालाच तपश्चर्या समजणे हे आपल्या क्रीडाक्षेत्रातील जुने अज्ञान होय. २००६ साली झाग्रेबला जगज्जेता ठरलेल्या नेमबाज अभिनव बिंद्रालाही त्यानंतर पाठीच्या दुखापतीने असे जेरीस आणले की दोहाच्या आशियाई स्पर्धेस मुकावे लागले, आणि बीजिंग ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याला लाभले ते पाठ सावरल्यानंतर, २००८ मध्ये.

प्रथम एवढे निश्चित कर, की तुझी पाठ मागे कलल्याने दुखते की पुढे वाकल्याने. कारण दोहोंचे उपाय निराळे आहेत. उभ्याने नेम धरताना पुढे आलेला रायफलचा भार तोलण्यासाठी नेमबाज कंबरेतून मागे कलतो, शिवाय लक्ष्याच्या दिशेने धडाला पीळ देतो, आणि कण्याच्या मागील बाजूच्या लहान सांध्यांवर तो सारा ताण येऊन पडतो. तुझे दुखणे या जातीचे असेल, तर नळीच्या टोकाकडील वजने काढून तोल अंगाजवळ आण. साइट उंच बसवून घे, म्हणजे मान डोळ्यासाठी खाली झुकणार नाही. डावे कोपर नितंबाच्या हाडावर टेकू दे. आणि नेम लक्ष्याच्या बाजूला जात असेल तर कंबर न पिळता पावले सरकव. वजने काढताना कचरू नकोस; पुरुषांच्या ५० मीटर रायफलला ८ किलोपर्यंत वजनाची मुभा आहे, सक्ती नाही, हे ध्यानात ठेव.

पालथे पडून नेम धरताना दोन्ही पाय सरळ ठेवण्याचा जुना प्रघात कंबरेला कमान आणतो. त्याऐवजी उजवा गुडघा वर ओढून घेतलास, तर शरीर किंचित डावीकडे कलते, पोटावरचा दाब हटून श्वास मोकळा होतो आणि कमानही उतरते. कमान आणखी कमी करण्यासाठी छातीही जमिनीच्या जवळ आणता येईल. मात्र डाव्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांहून कमी होऊ देण्यास नियमावलीची मनाई आहे.

गुडघ्यावर बसण्याच्या आसनात पाठ पुढे गोळा होते आणि मणक्यांमधली गादी दाबली जाते, म्हणून पुढे वाकल्याने दुखणाऱ्यांना हेच आसन जाचते. घोट्याखालची गुंडाळी नियमात बसेल तितकी भरदार घेऊन बैठक उंच कर आणि भार टाचेवर सोड.

जॅकेटच्या आत कमरपट्टा किंवा वैद्यकीय पट्टी बांधण्याचा मोह तुला होईल. परंतु शरीराची हालचाल जखडणाऱ्या अशा साधनांना स्पर्धेत बंदी आहे, आणि पट्ट्याच्या भरवशावर बसवलेले आसन ऐन स्पर्धेच्या दिवशी निरुपयोगी ठरेल. एका वेळी एकच बदल कर, त्यावर पुरेसा सराव झाल्याखेरीज दुसरा करू नकोस, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये रायफल स्टँडवर ठेवण्याचा आळस करू नकोस. स्टँडही इतका उंच असावा की रायफल उचलताना वाकावे लागणार नाही.

पायात मुंग्या आल्या किंवा बधिरपणा उतरला, तर त्याच क्षणी सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव, आणि तिन्ही आसनांची बाजूने काढलेली छायाचित्रे बरोबर ने. प्रशिक्षकांना तर उद्याच सांग. ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
मामा