वेगवान मोटार आणि विम्याचा हिशेब

आदिलाबादच्या कापूस-पेठेतील कित्येक घरांत हल्ली तरुण चिरंजीवांस स्पोर्ट्स मोटारीचा मोह पडतो. क्रमांक ४४ चा नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळूनच जातो. मोहास वाटही सोपी!

विलायतेत विशीतील चालकाकडून विमा कंपन्या जबर हप्ता घेतात, व तोच त्याचा लगाम ठरतो. आपल्याकडे तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा दर चालकाचे वय पाहत नाही, इंजिन पाहतो. १५०० घ.सें.मी.हून मोठ्या खाजगी मोटारीस २०२२ च्या दरपत्रकात तो वर्षाला ७,८९७ रुपये आहे. तेव्हा लगाम घरातच हवा.

खरी मेख मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आहे. ४० लाखांची मोटार तिसऱ्या वर्षी चोरीस गेली, तर तीस टक्के घसारा वजा जाऊन सुमारे २८ लाखच हाती येतात. रस्ताकर व बँकेचे व्याज बुडालेच. हे द्रव्य बहुधा कापसाच्या हंगामी भांडवलातूनच काढलेले असते, हे चिरंजीवांस कोणी सांगावे?

याहून गंभीर गोष्ट परवान्याची. परवान्याविना मोटार हाकताना कोणी दगावले, तर कंपनी वारसांस दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. चालक अल्पवयीन असल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. मोटार पेढीच्या नावे असेल, तर वसुलीही पेढीवरच येते. म्हणून नोंदणी कोणाच्या नावे करावयाची, हे बयाणा देण्यापूर्वीच ठरवावे, असे आम्हांस वाटते.