कुटाची सवय घरी लावू नका

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. खिचडीच्या एका घासानं ओठ सुजले, धाप लागली. सासूबाई म्हणतात, रोज चिमूटभर कूट दिलं की सवय होईल. द्यावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : घरी मुळीच नको. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही म्हणा! मिलिग्रॅममध्ये मोजून मात्रा वाढवण्याचा उपचार आहे. अमेरिकेत २०२० मध्ये तसं औषधही मंजूर झालं. पण तो अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो. त्यानं अ‍ॅलर्जी सहसा मुळातून जात नाही, चुकून पोटात गेलेला कण निभावण्याची शक्यता वाढते.

कोशिंबीर, भरली वांगी, चटणी यांतलं कूट दिसत नाही, विचारूनच वाढा.

पुन्हा धाप लागली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या, टोचायला शिका आणि टोचल्यावरही लगेच रुग्णालय गाठा.