मनावर ताबा

एखादी गोष्ट आपल्याला लगेच हवी असते. तरी आपण थोडे थांबतो. याला मनावर ताबा ठेवणे म्हणतात. ताबा असला की अभ्यास होतो, पैसे साठतात आणि अपघात टळतात.

माझे मामा मुंबईला साकीनाक्याला राहतात. तिथे अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकी विहार रस्ता येऊन मिळतो. गाड्यांची खूप गर्दी असते. मामा म्हणतात, "घाई सगळ्यांनाच असते, पण लाल दिव्याला थांबायचं." हिरवा दिवा लागणार अशी खात्री असते, म्हणून माणसे थांबतात.

अमेरिकेत वॉल्टर मिशेल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० च्या सुमारास लहान मुलांवर प्रयोग केले. थोडा खाऊ आत्ता घ्या, नाहीतर थांबा आणि आवडीचा घ्या. खाऊ डोळ्यांसमोर नसला की मुले जास्त वेळ थांबत.

२०१३ साली अमेरिकेतलाच दुसरा प्रयोग छापून आला. त्यात २८ मुले होती. १४ मुलांना मोठ्या माणसाने चित्रासाठी चांगले सामान आणतो म्हणून सांगितले, पण आणलेच नाही. ती मुले खाऊसाठी सरासरी ३ मिनिटे थांबली. बाकीच्या १४ मुलांना सामान मिळाले होते. ती १२ मिनिटे थांबली! एकदा फसल्यावर धीर कसा धरवेल?

म्हणून मित्रांनो, अभ्यासाला बसताना खेळणी आणि मोबाईल नजरेआड ठेवा. आणि पालकांनो, "बाजारातून रंगपेटी आणतो" म्हणालात तर नक्की आणा. तुम्ही शब्द पाळलात की आम्हालाही थांबता येतं.

इयत्ता ४ थी