रेल्वे जाणार जमिनीवरून, मग चौकशी आमच्या तब्येतीची का?

प्रश्न : आमचं गाव डहाणू तालुक्यात आहे. या पट्ट्यात एकामागून एक मोठे प्रकल्प येत आहेत. रेल्वेच्या पाहणीला आलेली माणसं जमीन मोजतात, झाडं मोजतात, हे समजू शकतं. पण घरात माणसं किती, त्यांची वयं काय, कुणाला जुना आजार आहे का, पाणी कुठून भरता, दवाखाना किती लांब, हेही ती लिहून घेतात. रुळांचा आणि आमच्या तब्येतीचा संबंध काय? ही माहिती द्यावी की देऊ नये?

उत्तर : संबंध फार जवळचा आहे, आणि माहिती जरूर द्यावी. मात्र ती कोण घेतंय, कशासाठी घेतंय आणि लिहिलेलं तुम्हाला परत दाखवणार आहेत का, हे विचारून द्यावी.

आधी संबंध काय ते पाहू. रेल्वेचा भराव पाण्याची जुनी वाट अडवतो, आणि अडलेलं पाणी रोगराई आणतं, ही शंका शंभर वर्षांपूर्वीच मांडली गेली होती. बंगाल प्रांताचे आरोग्य संचालक चार्ल्स बेंटली यांनी १९२५ साली एका ग्रंथात हा मुद्दा सविस्तर मांडला. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावांमुळे पुराचं पाणी शेतांवर पसरेनासं झालं, जमिनीचा कस गेला आणि हिवताप वाढला, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकण रेल्वेचा गोव्यातला मार्ग ठरत होता, तेव्हा खाजन जमिनींतून जाणाऱ्या आखणीला मोठा विरोध झाला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. बांध आणि मानशी (पाण्याची दारं) यांच्या आधाराने भरती-ओहोटीचं पाणी सांभाळणाऱ्या त्या शेतीत भराव पडला तर काय होईल, ही चिंता त्या विरोधाच्या मुळाशी होती.

बांधकाम सुरू झालं की परिणाम रोजच्या जगण्यात दिसू लागतात. डंपरची ये-जा, धूळ, सुरुंग, रात्रीचा आवाज, विहिरी-बोअरवेलच्या पाण्यावर येणारा ताण आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या छावण्या. छावणीत राहण्याची सोय वाईट असेल, तर हिवताप आणि क्षयरोग मजुरांनाही होतो आणि गावालाही. हे सगळं सोसण्याची ताकद प्रत्येकाची सारखी नसते. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, दम्याचा म्हातारा, सिकलसेलचा रुग्ण यांना त्याच धुळीचा आणि त्याच आवाजाचा त्रास जास्त होतो. एखाद्या पाड्यात अशी माणसं किती आहेत हे ठाऊक असेल, तरच डंपरचा रस्ता कुठून न्यायचा, रात्रीचं काम कुठे बंद ठेवायचं आणि टँकर कुठे पोहोचवायचा हे ठरवता येतं.

वय विचारण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते थेट तुमच्या हक्काचं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कुटुंबाची व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक सज्ञान व्यक्ती, मग ती पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांनाही स्वतंत्र कुटुंब मानायचं आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही पण संपादनाआधीची तीन वर्षं ज्याचं पोट त्याच जमिनीवर चाललं, तो शेतमजूर किंवा कूळही बाधित ठरतो. वनहक्क कायद्याखाली ज्यांना हक्क मिळाले आहेत, तेही बाधितांत येतात. पुनर्वसनाचे लाभ कुटुंबागणिक मिळतात. म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीचं वय चुकीचं लिहिलं गेलं, किंवा माहेरी येऊन राहिलेली बहीण नोंदीतून सुटली, तर कागदावर एक कुटुंबच कमी होतं.

दवाखाना, पाणी, अंगणवाडी यांची चौकशीही याच कायद्याला धरून आहे. त्यातल्या सामाजिक परिणामांच्या अभ्यासात काय काय पाहायचं, याची यादी कलम ४ मध्ये दिलेली आहे. उपजीविका, रस्ते, गटारं, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, गुरांचं पाणी, गायरान, गावतळी, रेशन दुकान, आरोग्य केंद्र, शाळा, अंगणवाडी, देवस्थान, आदिवासींच्या पारंपरिक संस्थांची जागा, दफनभूमी आणि स्मशान हे सारं त्या यादीत आहे. हा अभ्यास पंचायतीशी सल्लामसलत करून सहा महिन्यांत पुरा करायचा असतो, त्यावर जनसुनावणी घ्यायची असते आणि अहवाल स्थानिक भाषेत गावात ठेवायचा असतो.

आता खरी अडचण. ही पाहणी कोणत्या पातळीवर होते, यावर तिची किंमत ठरते, आणि तुमच्या पालघर जिल्ह्याइतकं याचं स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख. त्यातले १२ लाखांहून जास्त लोक एकट्या वसई-विरार महापालिकेत. म्हणजे जिल्ह्याची सरासरी काढली की ती मुख्यतः लोकलने मुंबईला जाणाऱ्या शहरी माणसाकडे झुकते. त्याच जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत. जिल्ह्याचा साक्षरतेचा किंवा कुपोषणाचा आकडा घेऊन तलासरीच्या पाड्याविषयी निर्णय घेणं म्हणजे चुकीच्या माणसाचा रक्तदाब पाहून दुसऱ्याला औषध देणं.

सरकारी आकडेवारीलाही मर्यादा आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशभर ७०७ जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं पाहिली गेली. जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं झाली. जिल्ह्याचा अंदाज बांधायला हे पुरेसं आहे, पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सात गावांबद्दल त्यातून काहीच सांगता येत नाही. गावनिहाय माहिती जनगणना देते. पण हाती असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. २०२१ ची लांबली आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०११ मध्ये जन्मलेलं मूल तोवर सोळा वर्षांचं झालेलं असेल.

याउलट इंग्लंडमध्ये लंडन ते बर्मिंगहॅम या 'हाय-स्पीड टू' मार्गाचं विधेयक २०१३ साली संसदेत आलं, तेव्हा आरोग्यावरच्या परिणामांचा स्वतंत्र अहवालही प्रसिद्ध झाला होता. तिथे आकडेवारीसाठी हजार ते तीन हजार वस्तीचे छोटे विभाग केलेले आहेत, आणि उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, घर व सेवांची उपलब्धता आणि परिसर या सात अंगांनी प्रत्येक विभागाची वंचितता मोजली जाते. त्यामुळे मार्गावरची कुठली वस्ती आधीच खचलेली आहे, हे आखणी करणाऱ्याला नकाशावर दिसतं. आपल्याकडे असं मोजमाप करायला लागणारी माणसं गावागावांत आहेत. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे माता-बालकांची नोंद असते, आशाताईकडे घरोघरची यादी असते आणि अंगणवाडीताईकडे प्रत्येक मुलाचं वजन-उंची असते. ही माहिती मार्गाच्या नकाशाला जोडण्याचं काम तेवढं व्हायला हवं.

पाहणी कोणत्या महिन्यात होते, हेही तुमच्या भागात निर्णायक आहे. दिवाळीनंतर असंख्य कातकरी आणि वारली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांवर जगायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाड्यावर गेलेल्या माणसाला कुलूप नाहीतर म्हातारी माणसं दिसणार, आणि त्या पाड्याची लोकसंख्या कमी लिहिली जाणार. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे. ज्यांची तब्येत सगळ्यात नाजूक, तेच मोजणीतून सुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सातबारा हातात धरून फिरणाऱ्या पाहणीत भूमिहीनही असेच सुटतात. म्हणून एक फेरी पावसाळ्यात, माणसं गावात असताना झालीच पाहिजे.

फायदा आणि तोटा कुणाच्या वाट्याला येतो, तेही अशाच नोंदीतून कळतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर १२ स्थानकं आहेत. पालघर जिल्ह्यात त्यांपैकी विरार आणि बोईसर ही दोनच. मधल्या गावांच्या शिवारातून मार्ग जाणार, गाडी तिथे थांबणार नाही. हा मार्ग बहुतांश खांबांवरून जात असल्याने गावाचे दोन तुकडे होण्याचा धोका कमी आहे, पण बांधकामाचा त्रास खांबामुळे टळत नाही. मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गासारखा जमिनीवरचा भराव असेल तर प्रश्न वेगळे होतात : बाळंतीण बाईला घेऊन जाणारी गाडी पलीकडे कुठून जाणार, आणि भुयारी रस्त्यात पावसाळ्यात पाणी भरलं तर काय करायचं? याच जिल्ह्यात वाढवण बंदराचंही काम उभं राहतं आहे. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम सुटा मोजून भागणार नाही. तीन प्रकल्पांचा ताण एकाच विहिरीवर येत असेल, तर हिशेबही एकत्रच मांडायला हवा.

मग ही नोंद करणं रेल्वेला बंधनकारक आहे का? दुर्दैवाने सर्वच ठिकाणी नाही. पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत पूर्वमंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी आहे, तिच्यात रेल्वेमार्ग नाहीत. जमीन १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली घेतली, तर तो कायदा २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असल्याने सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची सक्ती राहत नाही. भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र २०१५ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने लागू झाल्या. गुजरातने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काही सार्वजनिक प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट ठेवली. बुलेट ट्रेनला कर्ज देणाऱ्या जायका या जपानी संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बल घटकांचा विचार आणि आदिवासी समूहांसाठी स्वतंत्र आराखडा अपेक्षित आहे. म्हणजे परदेशी कर्ज असलेल्या मार्गावर जे प्रश्न विचारले जातात, ते देशाच्या पैशातून होणाऱ्या मार्गावर विचारलेच जातील याची खात्री नाही. हे योग्य नाही. माणसाची तब्येत पैसा कुठून आला यावर ठरत नाही.

तुमच्या हातात मात्र एक भक्कम कायदा आहे. डहाणू आणि तलासरी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. पाहणी कधी, कुणी, कशी केली हे ग्रामसभेत विचारता येतं आणि ठरावात नोंदवता येतं.

शेवटी माहिती देण्याबद्दल. घरातली माणसं, वयं, उपजीविका, पाण्याची जागा, दवाखान्याचं अंतर हे सगळं मोकळेपणाने सांगा, कारण त्याने तुमचीच बाजू भक्कम होते. आजाराबाबत मात्र सावध राहा. क्षयरोग, सिकलसेल किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचं नाव पाहणीच्या कागदावर येण्याची गरज नाही. पाड्यात असे रुग्ण किती, एवढी संख्या पुरते आणि ती उपकेंद्रातून मिळू शकते. पाहणीला आलेल्यांचं ओळखपत्र पाहा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका आणि भरलेल्या कागदाची प्रत मागा.

आणि त्यांची वाट न पाहता गावाने स्वतःची वही आजच सुरू करावी. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती खाली जातं, कमी वजनाची मुलं किती, खोकल्या-दम्याचे रुग्ण किती, भट्टीवर कोणती कुटुंबं कधी गेली आणि कधी परतली, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मदतीने तारखेसह लिहा आणि ग्रामसभेत वाचून मंजूर करा. उद्या विहीर आटली किंवा दम्याचे रुग्ण वाढले, तर पहिला सवाल येईल की आधी परिस्थिती कशी होती. काम सुरू होण्याआधीची नोंद नसेल तर झालेलं नुकसान सिद्ध करता येत नाही. म्हणून पहिला खांब उभा राहण्याआधी ती वही पुरी करा.