ध्रुवीय मातीतील निद्रिस्त जिवाणू

अंटार्क्टिका खंडाचा फारच थोडा भाग बर्फाविना उघडा आहे. मॅकमर्डो भागातील शुष्क खोरी त्यांपैकीच होत. येथील माती कोरडी, खारट आणि वर्षाचा बहुतेक काळ गोठलेली असते; तथापि ती निर्जीव नाही. बॅसिलस व क्लॉस्ट्रिडियम या प्रजातींतील जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत पेशीच्या आत जाड कवचाचा बीजाणू तयार करतात. त्याच्या गाभ्यात पाणी अत्यल्प असते व जीवनक्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात. या अवस्थेत तो वर्षानुवर्षे तग धरतो.

गोठलेल्या मातीतील हे बीजाणू शोधण्यासाठी शास्त्रज्ञ ती माती तापवतात, हे ऐकून नवल वाटेल. निर्जंतुक पाण्यात कालविलेला नमुना ८० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे १० मिनिटे ठेवला असता सर्वसाधारण पेशी मरतात, बीजाणू मात्र टिकतात. नंतर ते पोषक माध्यमावर पसरून वाढविले जातात. नमुना घेणाऱ्याच्या बुटांवरचे किंवा हत्यारांवरचे बीजाणू त्यात मिसळू नयेत, ही काळजी सर्वांत अवघड.

बीजाणू सापडला म्हणजे तो जिवाणू तेथलाच, असेही म्हणता येत नाही. वाऱ्याबरोबर आलेला पाहुणाही मातीत नुसता पडून राहू शकतो. माउंट मेलबर्न या ज्वालामुखीच्या उष्ण मातीत आढळलेल्या बॅसिलस फ्युमेरिओलीची गोष्ट वेगळी. त्याला वाढीसाठी सुमारे ५० अंशांची ऊब लागते आणि ती त्याला तेथे मिळते.

या संशोधनाला केवळ कुतूहलाचे मोल आहे असे नव्हे. उत्तर रशियातील यामल द्वीपकल्पात १९४१ नंतर फाशी रोगाची साथ आली नव्हती. २०१६ च्या असाधारण उन्हाळ्यात ती उद्भवली. दोन हजारांहून अधिक रेनडिअर दगावले व एका १२ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. गोठलेली जमीन वितळून जुने बीजाणू वर आले, असे मानले जाते. परंतु रेनडिअरांचे लसीकरण २००७ मध्ये बंद करण्यात आले होते, हेही विसरता येणार नाही.

माणसांत काळपुळी म्हणून ओळखला जाणारा हा रोग आपल्याकडील गुरांनाही होतो. त्याने मेल्याचा संशय असलेल्या जनावराची चिरफाड करू नये, असे पशुवैद्यक सांगतात. कारण रक्तातील जिवाणूंना हवा लागताच ते बीजाणू बनवू लागतात आणि ती जमीन दीर्घकाळ दूषित राहते.