जुन्या चित्रफितींची तपासणी
जपानमध्ये १९७६ साली अवतरलेल्या व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ साली थांबले. त्यामुळे गावच्या उत्सवांच्या व नाट्यप्रयोगांच्या जुन्या फिती जपून तपासाव्यात. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात मुळीच घालू नये. ती बुरशी यंत्राला लागून पुढील फितीही बिघडतात. नावाची चिठ्ठी लावतात त्या कडेवरील प्लॅस्टिकची लहान पट्टी मोडावी, म्हणजे चित्रण चुकून पुसले जाणार नाही. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रातील रबरी पट्टे व रूळ कडक वा चिकट होतात आणि फीत गुंतते. म्हणून यंत्र प्रथम टाकाऊ फितीवर चालवून पाहावे. मूळ फीत सुरळीत चालताच तिची संगणकीय प्रत त्याच वेळी करून घ्यावी. दुसरी संधी मिळेलच असे नाही.