भोकांचा हिशोब : जाळीची एक सोपी वीण

लोकरीची जाळीदार शाल पाहिली की वाटतं, हे आपलं काम नव्हे. प्रत्यक्षात सुलट आणि उलट टाके येत असतील तर फक्त दोन गोष्टी नव्याने शिकायच्या आहेत. एक टाका वाढवणे आणि एक टाका कमी करणे. बाकी सगळा हिशोब आहे, आणि तो समजला की नमुना पाठ करावा लागत नाही.

आधी भोक कसं पडतं ते पाहू. सुलट विणताना दोरा पुढे आणायचा आणि सुईवरून तसाच मागे नेऊन पुढचा टाका विणायचा. सुईवर एक जादा वेढा तयार होतो. पुढच्या ओळीत त्यालाही टाका समजून विणायचं. त्याच्या खाली धरून ठेवणारा टाका नसतो, म्हणून तिथे भोक राहतं. प्रत्येक वेढ्यामागे एक टाका वाढतो. नुसते वेढेच घेत गेलात तर कापड रुंदावत जाईल. म्हणून जितके वेढे, तितक्या वेळा ‘दोनाचा एक’ करायचा, म्हणजे दोन टाक्यांतून एकदम सुई घालून एकच सुलट टाका विणायचा. कमी करण्याची जागा वेढ्याच्या शेजारीच असली पाहिजे असं मात्र नाही. सगळी खुबी इथेच आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटं आहेत. तिथल्या बायकांनी विणलेल्या काही शाली इतक्या तलम, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. तिथलीच ‘ओल्ड शेल’ ही वीण शिकायला उत्तम. (बऱ्याच पुस्तकांत तिलाच ‘फेदर अँड फॅन’ म्हणतात, पण शेटलँडमध्ये या दोन वेगळ्या विणी आहेत.) ती १८ टाक्यांच्या पटीत चालते.

नमुन्यासाठी ४० टाके घाला. दोन वेळा १८, आणि दोन्ही कडांना दोन-दोन. कडेचे टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणायचे. टाके सैल घाला, कारण ही कड पुढे लाटेसारखी वळणार आहे आणि घट्ट कड तिला वळू देत नाही. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी उलट. तिसरी खरी जाळीची : तीनदा ‘दोनाचा एक’, मग सहा वेळा ‘वेढा आणि एक सुलट’, मग पुन्हा तीनदा ‘दोनाचा एक’. हे झाले १८ टाके, पुढच्या १८ वर तेच. चौथी ओळ सगळी सुलट, त्यामुळे सुलट बाजूवर एक उंचवटा दिसतो. पुन्हा पहिलीपासून.

आता मोजा. सहा टाके कमी झाले, सहा वाढले. बेरीज शून्य. तिसरी ओळ संपल्यावर ४० नसतील तर चूक त्याच ओळीत आहे, आणि बहुतेक वेळा एखादा वेढा राहिलेला असतो. दर वेळी मोजणं कंटाळवाणं आहे, पण दहा ओळी उसवण्यापेक्षा बरं. शिवाय चौथ्या ओळीनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. पुढे बिघडलं तर तिथपर्यंतच उसवेल.

बेरीज शून्य असूनही कापड सरळ राहत नाही, कारण वाढ मधोमध एकवटली आहे आणि घट दोन्ही टोकांना. मधे नवे टाके जन्मतात, जुन्यांना बाजूला ढकलतात आणि टोकाला गिळले जातात. मला यात अटलांटिकचा तळ दिसतो. मध्य-सागरी पर्वतरांगेत नवं कवच तयार होतं आणि सरकत जातं. दुसरीकडे, खोल गर्तांमध्ये जुनं कवच खाली जातं, आणि पृथ्वीचा आकार तेवढाच राहतो. टाक्यांचे उभे स्तंभ मधे पंख्यासारखे फाकतात, म्हणून आडव्या ओळी तिथे वर उचलल्या जातात आणि घटीच्या जागी खाली दबतात. ती लाट कुणी ‘काढलेली’ नसते, हिशोबातून निघते.

टाक्यांची मांडणी कापडाचा स्वभाव ठरवते हे प्रयोगशाळेतही तपासलं गेलं आहे. जॉर्जिया टेकमधल्या भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोतो यांच्या गटाने दाखवलं, की धागा तोच ठेवून सुलट-उलट टाक्यांचा क्रम बदलला तरी कापड किती आणि कसं ताणलं जातं ते बदलतं.

सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेली, केविलवाणी दिसते. इथे बरेच जण नाउमेद होतात, पण अजून पाण्याचं काम बाकी आहे. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात, तेच इथे करायचं. पाणी शिरलं की प्रथिनांच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळू नका (खवले एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा होतो), टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, ताणून टाचण्या लावा. लाटांच्या टोकांना एकेक टाचणी हवीच. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. ॲक्रिलिकवर हे चालत नाही, म्हणून पहिल्या नमुन्याला खरी लोकर घ्या : फिकट रंगाची, डबल निटिंग जाडीची, ४.५ मिमीच्या सुयांवर.

हे बंध पुढच्या धुण्यात पुन्हा सुटतात, तेव्हा टाचण्या दर वेळी लावाव्या लागतात. नमुना भिजवण्याआधी आणि वाळल्यावर, दोन्ही वेळा मोजा. शालीसाठी किती वेळा १८ घ्यायचे, ते दुसऱ्या मापावरून ठरवा.